वितळणारे कण आणि नॅनोचा मोह

अवस्थांतरी नॅनोकण म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या आणि गोठणाऱ्या मेणाचा, मेदाम्लाचा किंवा धातूचा, मीटरच्या अब्जांश भागांत मोजावा लागणारा कण होय. त्याभोवती बहुधा सिलिकाचे किंवा बहुवारिकाचे कवच असते, त्यामुळे आतला गाभा वितळला तरी तो गळून जाईल ही भीती निराधार ठरते.

हे कण थंडावा निर्माण करतात, ही समजूत अधिक चिवट आहे. वास्तविक ते उष्णता केवळ उसनी घेतात. शून्य अंशावरचे 1 ग्रॅम बर्फ वितळताना 334 ज्यूल उष्णता शोषते आणि तरीही त्याचे तापमान तसूभर वाढत नाही. तेवढ्याच उष्णतेने 1 ग्रॅम पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापले असते. जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात ओळखलेला हा ‘अप्रकट उष्मा’ गोठताना परत करावा लागतो. माठातले पाणी झिरपून वाफ होते आणि निघून जाते, इथे मात्र पदार्थ जागीच राहतो. म्हणून ज्या रात्री पारा 28 अंशांच्या खाली उतरत नाही, त्या रात्री सुमारे 28 अंशांना वितळणारे ऑक्टाडेकेन भिंतीच्या गिलाव्यात असूनही द्रवच राहते आणि दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरते.

कण जितका लहान तितका गुणकारी, हा समज तर साध्या गणितानेच ढासळतो. 100 नॅनोमीटर व्यासाच्या कणाला 10 नॅनोमीटर जाडीचे कवच चढवले, की गाभ्यासाठी जेमतेम निम्मे आकारमान उरते. तेच कवच शंभरपट मोठ्या कणावर असते, तर गाभा 99 टक्क्यांहून अधिक भरला असता. शिवाय गोठण्यास आरंभ करून देणारा कचरा सूक्ष्म थेंबात सापडतोच असे नाही, त्यामुळे असा थेंब गोठणबिंदूखाली जाऊनही द्रव राहतो. शुद्ध पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत असे तग धरतात. कापड किंवा गिलावा यांसाठी म्हणूनच मायक्रोमीटर आकाराच्या कुप्या पुरतात, आणि ‘नॅनो’ हे विशेषण तिथे बरेचदा शोभेपुरते असते.

नॅनो आकाराचे खरे चीज होते ते वाहत्या शीतकद्रवात, कारण मोठ्या कुप्या पंपात फुटतात आणि अरुंद वाहिन्या तुंबवतात, तर हे कण तरंगत राहतात. दुसरा उपयोग ओळखखुणेचा: इंडियम 156.6, कथील 231.9 आणि बिस्मथ 271.4 अंशांना वितळते, कण फार बारीक केल्यास हे आकडे काहीसे खाली सरकतात, आणि अशा धातूंचे निरनिराळे कण शाईत मिसळले, तर नमुना तापवताना कोणकोणत्या अंशांना उष्णता शोषली गेली याच्या आलेखावरून दस्तऐवज अस्सल की बनावट हे ताडता येते.