एक कृमी, दोन घरे
हत्तीरोगाच्या कृमीच्या जीवनक्रमात जनुके कशी कार्य करतात

हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्त घ्यावयाचे असल्यास ते सामान्यतः रात्री घ्यावे लागते. दिवसा घेतलेल्या रक्तात बहुधा काहीच आढळत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास घेतलेल्या एका थेंबात मात्र सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक, वळवळणाऱ्या अळ्या दिसू लागतात. या अळ्यांना 'मायक्रोफायलेरिया' असे म्हणतात. दिवसा त्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत थांबतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. भारतात या रोगाचा प्रसार करणारे डास मुख्यतः रात्री चावतात, आणि पुढील वाढीसाठी या अळ्यांना डासाच्या शरीरातच जावे लागते.

ज्या कृमीच्या या अळ्या, तो आपले आयुष्य दोन अगदी भिन्न घरांत काढतो. एक घर मनुष्याचे, दुसरे डासाचे. एकात उष्णता कायम ३७ अंशांच्या आसपास असते, तर दुसऱ्यात ती भोवतालच्या हवेप्रमाणे बदलते. प्रत्येक घराचे अन्न निराळे, धोके निराळे. तरीही एकच जीव दोन्ही ठिकाणी टिकून राहतो. हे कसे घडते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. आज वापरात असलेली औषधे रक्तातील अळ्यांचा नाश चांगल्या प्रकारे करतात, परंतु त्यांना जन्म देणारे प्रौढ कृमी पुष्कळदा वाचतात. असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय या रोगावर पूर्ण विजय मिळविणे कठीण आहे.

रोगाचा शोध

मनुष्याच्या रक्तात या अळ्या असतात हे टिमथी लुईस या वैद्यकीय संशोधकाने १८७२ साली कलकत्त्यात दाखवून दिले. पुढे १८७७ साली चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी, रक्त प्यालेल्या डासांच्या शरीरात या अळ्यांची वाढ होते, असे सिद्ध केले. कीटकाच्या शरीरात मानवी रोगाच्या परजीवीची वाढ होते, ही गोष्ट त्या काळी अगदी नवी होती. अळ्या डासाच्या सोंडेपर्यंत पोहोचतात, हे जॉर्ज लो यांनी १९०० साली दाखविले, आणि रोगाच्या प्रसाराचे कोडे उलगडले.

हत्तीरोगाचे कृमी तीन जातींचे आहेत. जगातील बहुतांश रुग्णांत 'वुचेरेरिया बँक्रॉफ्टी' ही जात आढळते. भारतात तिचा प्रसार घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास करतो. दुसरी जात 'ब्रुजिया मलायी' ही केरळच्या काही भागांत आढळते. तिचा प्रसार करणाऱ्या मॅन्सोनिया डासाच्या अळ्या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींच्या मुळांना चिकटून वाढतात. तिसरी जात, 'ब्रुजिया टिमोरी', आग्नेय आशियातील काही बेटांपुरतीच मर्यादित आहे. ब्रुजिया मलायी प्रयोगशाळेत जर्बिल जातीच्या उंदरांत वाढविता येते. वुचेरेरियाला अशा लहान प्राण्यांत वाढविणे साधलेले नाही. म्हणूनच या कृमींच्या जनुकांचा सखोल अभ्यास प्रामुख्याने ब्रुजिया मलायीवर झाला आहे.

जीवनक्रम

प्रौढ नर व मादी मनुष्याच्या लसीकावाहिन्यांत राहतात. शरीराच्या ऊतींमधून पाझरलेला द्रव ज्या बारीक नलिकांतून पुन्हा रक्ताकडे नेला जातो, त्यांना लसीकावाहिन्या म्हणतात. या नलिका कृमींमुळे रुंदावतात, त्यांचे कार्य बिघडते, आणि कालांतराने पाय किंवा इतर अवयव सुजतात. संसर्ग बालपणी झाला तरी सूज बहुधा अनेक वर्षांनी दिसते, आणि वाढलेली सूज सहसा पूर्ववत होत नाही.

मादी अंडी घालत नाही. ती जिवंत मायक्रोफायलेरियांना जन्म देते. डासाने रक्त शोषले म्हणजे त्या त्याच्या जठरात जातात, अंगावरील पातळ आवरण टाकून देतात, जठराची भिंत भेदतात आणि छातीतील उड्डाणस्नायूंत शिरतात. तेथे दोनदा कात टाकून त्या तिसऱ्या अवस्थेत येतात. ब्रुजियाच्या बाबतीत यास सुमारे आठ दिवस लागतात. ही तिसऱ्या अवस्थेतील अळीच मनुष्याला संसर्ग करू शकते. डास चावताना ती त्वचेवर उतरते आणि डासाने केलेल्या छिद्रातून आत शिरते. मनुष्याच्या शरीरात आणखी दोनदा कात टाकल्यानंतर तिचे प्रौढ कृमीत रूपांतर होते. मायक्रोफायलेरिया मात्र मनुष्याच्या शरीरात कितीही दिवस राहिली तरी तेथे प्रौढ होऊ शकत नाही. डासाचे घर तिला अपरिहार्य आहे.

एकच ग्रंथ, निरनिराळी पाने

ब्रुजिया मलायीच्या संपूर्ण आनुवंशिक संहितेचा मसुदा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९ कोटी अक्षरे आणि सुमारे ११,५०० जनुके असल्याचा अंदाज करण्यात आला. प्रत्येक जनुकात सामान्यतः एखादे प्रथिन बनविण्याची सूचना असते. ही संहिता अळीत आणि प्रौढ कृमीत एकच असते. डासात शिरल्यावर नवी जनुके मिळत नाहीत, आणि मनुष्यात आल्यावर जुनी नाहीशी होत नाहीत. बदलते ते इतकेच की कोणते जनुक केव्हा, कोठे आणि किती प्रमाणात वापरले जाते. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

एखाद्या मोठ्या ग्रंथालयातील संदर्भग्रंथ बाहेर नेता येत नाही, परंतु हव्या त्या पानाची नक्कल करून घेता येते. पेशीतही तसेच घडते. मूळ संहिता केंद्रकात सुरक्षित राहते आणि गरज असलेल्या जनुकाची नक्कल आर. एन. ए. या रेणूच्या रूपाने तयार होते. त्या नकलेवरून प्रथिन बनते. म्हणून कृमीच्या एखाद्या अवस्थेतील आर. एन. ए. रेणू गोळा करून, ते वाचून मोजले, तर त्या वेळी ग्रंथाची कोणती पाने उघडी होती हे कळते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रुजियाच्या सात अवस्थांची अशी तुलना करण्यात आली: गर्भावस्था, अपक्व व पक्व मायक्रोफायलेरिया, तिसऱ्या व चौथ्या अवस्थेतील अळ्या, प्रौढ नर आणि प्रौढ मादी.

अवस्थेनुसार बदलणारे कार्य

नुकतीच जन्मलेली मायक्रोफायलेरिया डासात वाढण्यास समर्थ नसते. रक्तात काही काळ घालविल्यानंतर तिला ते सामर्थ्य येते, आणि त्याच सुमारास तिच्यात कायटिनेज नावाचे प्रथिन दिसू लागते. कायटिन या कठीण द्रव्याचे विघटन करणे हे त्याचे काम. डासाच्या जठरात रक्ताभोवती तयार होणाऱ्या पडद्यातही कायटिन असते. डासाची भेट होण्यापूर्वीच अळी जणू त्याच्या घराची किल्ली तयार ठेवते.

तिसऱ्या अवस्थेतील अळीची तयारीही अशीच आगाऊ असते. डासाच्या शरीरात असतानाच ती काही प्रथिने मोठ्या प्रमाणात बनविते, ग्रंथींत साठविते आणि मनुष्याच्या शरीरात शिरल्यावर बाहेर सोडते. यांपैकी 'ए. एल. टी.' या नावाने ओळखली जाणारी प्रथिने लस तयार करण्याच्या दृष्टीने अभ्यासली जात आहेत. दुसरे प्रथिन म्हणजे कॅथेप्सिन-एल. २०१० साली संशोधकांनी डासाच्या शरीरात वाढणाऱ्या अळ्यांतील या जनुकाच्या नकला नष्ट होतील अशी व्यवस्था केली. तेव्हा अळ्यांची हालचाल मंदावली आणि डासाच्या डोक्याकडे जाण्याचा त्यांचा प्रवास खुंटला. एकच पान झाकल्याने पुढचा प्रवास अडतो, हे त्यातून दिसले.

प्रौढ नरात शुक्रपेशींच्या हालचालीला आवश्यक असणाऱ्या प्रथिनांची जनुके जोमाने कार्य करतात, तर मादीत गर्भाच्या वाढीशी निगडित जनुकांचे प्राबल्य असते. या कृमीच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जीवाणूही राहतात. डासातील अळीत त्यांची संख्या फारशी वाढत नाही; अळी उष्ण रक्ताच्या प्राण्यात शिरताच पहिल्या आठवड्यात ती झपाट्याने वाढते. या जीवाणूंवाचून मादीची प्रजननशक्ती नष्ट होते. म्हणून डॉक्सिसायक्लिन हे जीवाणूनाशक औषध काही आठवडे दिल्यास कृमी वंध्य होतात. परंतु गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ते देता येत नसल्याने सार्वत्रिक वाटपास ते सोयीचे नाही.

औषधाचा नेम

जनुकांची ही माहिती औषधांच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे, हे आयव्हरमेक्टिनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. हे औषध कृमीच्या शरीरातील एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते. मायक्रोफायलेरियात हे प्रथिन तिच्या उत्सर्जक छिद्राभोवतालच्या स्नायूंत असते, असे २०१० साली दिसून आले. औषधाने हा स्नायू निकामी झाला की अळीला आपले स्राव बाहेर सोडता येत नाहीत. या स्रावांच्या साहाय्याने ती शरीराच्या संरक्षक यंत्रणेला चुकवीत असावी; ते थांबताच संरक्षक पेशी तिचा फडशा पाडतात, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. प्रौढ मादीत हेच जनुक प्रजननेंद्रियांत कार्य करते. त्यामुळे औषधाने नव्या अळ्यांचा जन्म काही महिने थांबतो, पण मादी मरत नाही. औषध तेच, जनुकही तेच; परंतु त्याचे स्थान बदलल्याने परिणाम बदलतो.

भारतात २००४ सालापासून रोगग्रस्त जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्व पात्र व्यक्तींना औषध देण्याची मोहीम राबविण्यात येऊ लागली. २०१८ सालाच्या अखेरीस बिहारमधील अरवल जिल्ह्यात, आणि त्यानंतर २०१९ साली महाराष्ट्रातील नागपूर जिल्ह्यात, आयव्हरमेक्टिन, डी. ई. सी. व अल्बेंडाझोल ही तीन औषधे एकत्र देण्यास आरंभ झाला. २०२७ सालापर्यंत या रोगाचे सार्वजनिक समस्या म्हणून उच्चाटन करण्याचे ध्येय भारताने ठरविले आहे. प्रौढ कृमी अनेक वर्षे जगतो. म्हणून अंगात रोगाचे कोणतेही लक्षण नसलेल्या माणसानेही दरवर्षी औषध घेणे आवश्यक ठरते. एखाद्या वर्षी बऱ्याच लोकांनी औषध टाळले, तर त्यांच्या रक्तातील अळ्या डासांमार्फत पुन्हा इतरांपर्यंत पोहोचतात.

प्रौढ कृमीलाच मारणारे सुरक्षित औषध सापडल्यास हा काळ पुष्कळ कमी होईल. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या दिशेने एक वेगळा मार्ग सुचविण्यात आला. जनुके उघडण्याच्या आणि मिटण्याच्या क्रियेत भाग घेणारी काही प्रथिने प्रौढ मादीत विशेष प्रमाणात असतात. त्यांना अडविणाऱ्या द्रव्याने प्रयोगशाळेतील पात्रात प्रौढ कृमी मेले. माणसाला देता येईल असे औषध त्यातून निर्माण होण्यास अद्याप बराच अवकाश आहे. मानवी पेशींतही तशीच प्रथिने असल्याने सुरक्षिततेचा प्रश्न मोठा आहे. तथापि या कृमीचे बळ जनुके योग्य वेळी वापरण्यात आहे, आणि त्याला निर्बल करण्याचा मार्गही तेथूनच जातो, एवढे या अभ्यासांनी निश्चित केले आहे.