दोन एस. टी.च्या मधले पुणे

आपल्या महाविद्यालयात शिरूर, दौंड, जुन्नर, नगरकडची मुले-मुली बरीच आहेत. सुटी लागली की आम्ही साताऱ्याहून निघतो, स्वारगेटला उतरतो आणि पुढच्या गाडीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. मी कारेगावची. रांजणगावच्या गणपतीशेजारचे हे गाव. आता कारखान्यांमुळे पुष्कळांना ठाऊक झाले आहे. घरी जायला मला पुण्यात गाडी बदलावीच लागते. वर्षातून सहा-सात वेळा पुणे पायाखालून जाते, पण विचारले तर आमच्यापैकी निम्म्यांना स्वारगेटचा फलाट आणि तिथली चहाची टपरी एवढेच पुणे आठवेल. पुणे पाहण्यासाठी म्हणून वेगळे पैसे आणि वेगळा दिवस आमच्या घरांतून मिळणे कठीण. तेव्हा आहे ते हेच दोन-तीन तास.

हे तास मोजताना हिशेब शेवटापासून मांडावा. आमच्या आईची अट एकच, दिवेलागणीच्या आत घरात पाऊल पडले पाहिजे. नगर रस्त्यावर संध्याकाळी वाघोलीपासून शिक्रापूरपर्यंत वाहनांची जी रांग लागते ती ज्यांनी भोगली आहे त्यांना जास्त सांगावयास नको. म्हणून दुपारी तीनला नगरकडची गाडी धरायची, हे पक्के. सकाळी आठच्या सुमारास सातारा सोडले तर साडेअकरापर्यंत स्वारगेट. मधले साडेतीन तास. त्यातला एक तास शहरातल्या शहरात जाण्यायेण्याला. उरले अडीच. एवढ्या वेळात तीन ठिकाणे पायी होतात, आठ होत नाहीत.

एक बदल नवख्यांनी ध्यानात ठेवावा. शिवाजीनगरचे एस. टी. स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले, तेव्हापासून आमची पायपीट वाढली होती. पण सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि वाटेतच मंडई स्थानक आले. म्हणजे स्वारगेटला मेट्रोत बसावे, मंडईला उतरावे, हिंडावे आणि पुन्हा तीच मेट्रो पकडून शिवाजीनगर गाठावे. तिथून वाकडेवाडी रिक्षाने जवळ. सामान मात्र पाठीवरच्या एका पिशवीत मावेल एवढेच आणावे. ट्रंक घेऊन पुणे पाहता येत नाही.

मंडईची अष्टकोनी दगडी इमारत १८८६ मध्ये पुरी झाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाई. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. या बाजाराच्या इमारतीवर एवढा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. कोथिंबिरीच्या ढिगांतून वाट काढताना हे आठवले की मला हसूही येते आणि थोडे वाईटही वाटते.

मंडईतून दगडूशेठ गणपतीकडे चालत गेले की समोर भिडे वाड्याची जागा लागते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा अगदी मोडकळीस आला होता. राष्ट्रीय स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. मी तिथे पाच मिनिटे उभी राहते. माझ्या दोन्ही आज्यांना अक्षरओळख नव्हती आणि मी बी.ए.ची पुस्तके पाठीवर घेऊन त्या रस्त्यावर उभी असते, एवढेच कारण.

तिथून गंज पेठेतल्या फुले वाड्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची चाल. वाटेत बोहरी आळीतली भांडी-दोरखंडांची दुकाने लागतात. तिथे रेंगाळू नये, वेळ कसा जातो कळत नाही. फुले वाड्यात जोतीरावांची समाधी आहे. आपल्या घरचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, तोही इथलाच. सत्यशोधक समाज १८७३चा, आणि १८९० मध्ये ते वारले. या माणसाचे मूळ गाव कटगुण, म्हणजे खटाव तालुक्यातले. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, खंडाळा तालुक्यातले. आपली एस. टी. शिरवळ ओलांडते तेव्हा नायगाव फारसे दूर नसते. साताऱ्यात शिकणाऱ्यांनी पुण्यात पाहावे असे पहिले घर हेच, असे माझे मत आहे. शनिवारवाड्याचा दरवाजा काय, फोटोतही दिसतो.

राजा केळकर संग्रहालय जवळच आहे, पण ते या फेरीत घेऊ नये. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने जमवलेला आणि १९७५ मध्ये शासनाला दिलेला तो संग्रह. दिवे, अडकित्ते, दौती यांतच तास जातो. त्यासाठी एक स्वतंत्र दुपार राखावी. त्याऐवजी वेळ उरला तर अप्पा बळवंत चौक. मार्च २०२३ पासून एस. टी.त मुलींना अर्धे तिकीट आहे. वाचलेल्या पैशांचे मी तिथे जुने पुस्तक घेते. मुलग्यांनी आपली सोय पाहावी.

जेवण घरून बांधून आणलेले बरे. अडीचला मेट्रोत असावे.

वाकडेवाडीला गाडीत चढण्यापूर्वी ती कारेगावला थांबते का, हे वाहकाला विचारून घ्यावे. लांब पल्ल्याच्या गाड्यांचा भरवसा नसतो. आणि तिकीट मागताना ‘का’ जरा ठासून म्हणावा. याच रस्त्यावर अलीकडे कोरेगाव भीमा आहे, आणि गर्दीत वाहकाला तेच ऐकू येते.