उपटण्याआधी ओळखा

पावसाच्या दोन-चार दमदार सरी झाल्या की उन्हाळाभर बोडकं पडलेलं अंगण हिरवंगार होतं. लगेच कुणी गडी लावून सगळं खरवडून काढतं, कुणी तणनाशक फवारतं. पण आपोआप उगवलेलं प्रत्येक रोप शत्रू नसतं. काही ताटात येतात, काहींवर फुलपाखरं पोसली जातात आणि मोजकीच खरोखर त्रास देतात. सगळी मेहनत या मोजक्यांवर खर्च करावी.

पहिला मान गाजर गवताचा. अमेरिका खंडातून आलेल्या या तणाची भारतातली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. एकेका झाडाला हजारो बिया येतात. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, परागकणांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो. म्हणून हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, पांढरी फुलं धरायच्या आत ते उपटावं. जमीन ओली असली की मूळ सहज निघतं. नुसतं वरून कापलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं. फुलावर आलेली रोपं खतखड्ड्यात टाकू नयेत, कारण बी खतातून साऱ्या बागेत जातं.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. त्याचा जीव जमिनीखालच्या गाठींत असतो. पात ओढली की ती हातात येते, गाठ मात्र खाली राहते आणि थोड्याच दिवसांत नवा कोंब वर काढते. कुदळीने खणून गाठी वेचाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, त्यामुळे तिथे भोपळ्यासारखा दाट पसरणारा वेल लावला तर त्याचा जोर ओसरतो.

आता राखण्याजोगी रोपं. टाकळ्याचा कोवळा पाला कांदा आणि ओल्या खोबऱ्यावर परतला की पावसाळ्यातली उत्तम भाजी होते. शिवाय छोटी पिवळी फुलपाखरं त्याच्या पानांवर अंडी घालतात. कुर्डू, केना, घोळ यांच्याही भाज्या होतात. घोळ खुडताना देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, तिच्यासारखं दिसणारं दुधी नावाचं तण आहे आणि ते खाऊ नये. जाणत्या माणसाने ओळख पटवल्याशिवाय कुठलीच रानभाजी चुलीवर चढवू नये. फवारणी झालेल्या जागेवरची तर नकोच. एकदांडीची फुलं मधमाश्यांसाठी कडेला राहू द्यावीत.

तण पुन्हा पुन्हा का येतं, याचं मुख्य कारण उघडी माती. खरवडलेल्या जमिनीत खाली दडलेलं बी उजेडात येतं आणि रुजतं. म्हणून उपटलेल्या जागी लगेच चार बोटं जाड पालापाचोळा पसरावा किंवा दुसरं काही लावावं. गाजर गवताच्या जागेसाठी टाकळा फार उपयोगी, कारण दाट उगवला की तो त्याला वाढू देत नाही. पावसाळा सरताना टाकळ्याच्या शेंगा वाळतात. तेव्हा बी गोळा करून ठेवावं आणि पुढच्या वर्षी पहिल्या पावसाआधी गाजर गवताच्या जागेवर मुठीमुठीने फेकावं. एकाच वर्षात मैदान साफ होणार नाही, पण दरवर्षी हे केलं तर उपटायचं काम कमी होत जाईल आणि भाजीही घरचीच मिळेल.