अक्षरे किती, जागा किती?

सी भाषेत मजकुराची लांबी कुठेही लिहून ठेवलेली नसते. ‘पुणे’ हा शब्द मेमरीत एका ठिकाणी सुरू होतो. तिथून एकेक बाइट वाचत जायचे आणि शून्य किमतीचा बाइट लागला की शब्द संपला असे धरायचे, एवढाच संकेत. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ही भाषा घडवली. लांबीचा आकडा एखाद्या लहान खणात ठेवला तर मजकूर किती मोठा असू शकतो यावर बंधन येते, आणि तो आकडा सांभाळत बसण्यापेक्षा शेवटी एक खूण ठेवणे सोपे जाते, असा तेव्हाचा विचार होता. त्या काळाच्या गरजांना तो धरूनच होता. पण त्यातूनच ‘स्ट्रकॉपी’ हे फंक्शन जन्मले. मजकूर कुठून उचलायचा आणि कुठे ठेवायचा, एवढ्या दोनच गोष्टी त्याला सांगाव्या लागतात. जिथे ठेवायचा तिथे जागा किती आहे, हे त्याला सांगण्याची सोयच नाही. शून्य बाइट भेटेपर्यंत ते लिहीत सुटते. जागा 16 बाइटांची असेल आणि मजकूर 40 बाइटांचा, तर उरलेला मजकूर शेजारच्या मेमरीवर चढतो. तिथे दुसरा एखादा आकडा असेल तर तो बिघडतो; आणि ‘हे काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचे’ हा पत्ता तिथे असेल, तर मजकूर पाठवणारा माणूस तो पत्ता आपल्या सोयीने बदलू शकतो. मग संगणक त्याच्या हुकमाने चालतो.

हा धोका कागदावरचा नाही, हे 2 नोव्हेंबर 1988 रोजी जगाला कळले. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्राम, तेव्हाच्या लहानशा इंटरनेटवर पसरला आणि सुमारे 6,000 संगणक त्याच्या तडाख्यात सापडले, असा त्या वेळचा अंदाज आहे. आत शिरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक ‘फिंगर’ नावाच्या सेवेतून जात होती. ती सेवा बाहेरून आलेली ओळ ‘गेट्स’ या फंक्शनने वाचायची आणि 512 बाइटांच्या जागेत ठेवायची. वर्मने 536 बाइट पाठवले. जास्तीच्या 24 बाइटांनी परतीचा पत्ता बदलला आणि दार उघडले. ‘गेट्स’ हे ‘स्ट्रकॉपी’चेच भावंड, जागेची चौकशी तेही करत नाही. एवढे होऊनही सी भाषेच्या अधिकृत मानकातून ‘गेट्स’ वगळले गेले ते 2011 साली, म्हणजे तब्बल 23 वर्षांनी. धोकादायक गोष्ट धोकादायक आहे हे कळणे आणि ती वापरातून जाणे, यांत किती अंतर पडते याचा हा पुरावा आहे. हे अंतर कमी कसे करायचे, हाच या लेखाचा विषय. त्यावरचे माझे म्हणणे असे: जुनी फंक्शने हटवायलाच हवीत, अगदी शेवटच्या वापरापर्यंत, पण एका नावाच्या जागी दुसरे नाव टाकल्याने सुरक्षितता येत नाही. प्रत्येक जागी जो प्रश्न आजवर विचारलाच गेला नाही तो विचारला, तरच ती येते.

सुरक्षित म्हणून पुढे आलेल्या फंक्शनांचा इतिहास पाहिला की हे पटते. ‘स्ट्रकॉपी’ नको म्हणून अनेकांनी ‘स्ट्रएनकॉपी’ जवळ केले, कारण त्याला कमाल किती बाइट लिहायचे हे सांगता येते. मात्र ते या कामासाठी बनलेलेच नव्हते. जुन्या युनिक्समध्ये फाइलच्या नावासाठी बरोबर 14 बाइटांची जागा असे. बँकेच्या छापील फॉर्मवर नावासाठी एका अक्षराला एक अशा चौकटी असतात, तशीच ही रचना: नाव लहान असेल तर उरलेल्या चौकटी रिकाम्या सोडायच्या, आणि नावाने सगळ्या चौकटी भरल्या तर शेवटी वेगळी खूण करायची गरज नाही, कारण फॉर्मच तिथे संपतो. ‘स्ट्रएनकॉपी’ नेमके हेच करते. उरलेली जागा शून्यांनी भरते, आणि मजकूर पुरेपूर बसला किंवा जास्त झाला तर शेवटचा शून्य टाकतच नाही. फॉर्मसाठी हे बिनचूक आहे. पण तोच मजकूर पुढे ‘शून्य येईपर्यंत वाचा’ म्हणणाऱ्या फंक्शनच्या हाती पडला, तर वाचणारा शेजारच्या मेमरीत घुसतो. लिहिताना टळलेला अपघात वाचताना होतो.

पुढची पायरी 1998 साली आली. ओपनबीएसडी या प्रणालीत टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी ‘स्ट्रएलकॉपी’ आणले. ते जागेबाहेर लिहीत नाही आणि शेवटचा शून्य न चुकता टाकते. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘जीलिबसी’ या लायब्ररीने मात्र ते अनेक वर्षे नाकारले. त्याने मजकूर गुपचूप कापला जातो आणि चूक झाकली जाते, असा तिथला आक्षेप होता. शेवटी 2023 साली तिथेही ते दाखल झाले. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, वाट याच्या उलट आहे. तिथे ‘स्ट्रएलकॉपी’ वापरात होते, पण त्यातली एक खोट अडचणीची ठरली. मूळ मजकूर एकूण किती लांब आहे हे सांगण्यासाठी ते तो शून्यापर्यंत पूर्ण वाचते, आपल्याला त्यातले 15 बाइटच हवे असले तरीही. मूळ मजकुराला शून्यच नसेल, तर इथेही वाचणे हद्दीबाहेर जाते. म्हणून 2015 मध्ये कर्नलमध्ये ‘स्ट्रएसकॉपी’ आले. ते गरजेपुरतेच वाचते, शून्य नक्की टाकते, आणि मजकूर मावला नाही तर ऋण किमतीचा एरर कोड परत देऊन तसे स्पष्ट कळवते. त्यानंतर कर्नलमधले ‘स्ट्रएलकॉपी’चे वापर एकेक करून बदलण्यात आले आणि 2024 मध्ये आलेल्या 6.8 या आवृत्तीतून ते फंक्शनच काढून टाकले गेले.

मग उरलेले सगळे ‘स्ट्रएनकॉपी’ शोधून एका आदेशात ‘स्ट्रएसकॉपी’ करून टाकावेत, असे कोणालाही वाटेल. तसे करता येत नाही, याची कारणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. समजा, कर्नल एखादी माहितीची रचना भरून सामान्य प्रोग्रामच्या हाती देतो आणि तिच्यात नावासाठी 32 बाइट आहेत. ‘स्ट्रएनकॉपी’ने पाच अक्षरी इंग्रजी नाव लिहिले तर उरलेले 27 बाइट शून्य होतात. ‘स्ट्रएसकॉपी’ नाव आणि त्यापुढचा एक शून्य लिहून थांबते. पुढच्या 26 बाइटांत आधीचे जे काही पडले असेल, कदाचित दुसऱ्या कोणाचा तरी गोपनीय तुकडा, ते तसेच बाहेर जाते. एक भोक बुजवताना दुसरे पडले. अशा ठिकाणी उरलेली जागा शून्यांनी भरणारा ‘स्ट्रएसकॉपी-पॅड’ हा प्रकार लागतो. आता उलट उदाहरण. लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल प्रणालीत डिस्कचे नाव लिहायला 16 बाइट असतात आणि 16 अक्षरी इंग्रजी नाव तिथे शून्याविना बसते. ते वैध आहे. इथे लिहिताना ‘स्ट्रएसकॉपी’ वापरले तर शेवटचे अक्षर हकनाक कापले जाईल, आणि वाचताना वापरले तर नसलेल्या शून्याच्या शोधात ते पलीकडे जाऊ शकते. अशा चौकटीबंद जागांसाठी कर्नलमध्ये वेगळी फंक्शने आहेत. म्हणजे बदलणाऱ्याला आधी ठरवावे लागते: हा शून्याने संपणारा मजकूर आहे की ठरावीक रुंदीचा खण? उरलेली जागा पुसायची की नाही? आणि मजकूर मावला नाही तर काय करायचे?

तिसरा प्रश्न मराठी वाचकाला थेट भिडणारा आहे. यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना-मात्रा असो की हलंत, तीन बाइट घेते. ‘कोल्हापूर’ या शब्दात अशी नऊ चिन्हे आहेत, म्हणजे 27 बाइट. लिनक्समध्ये चालू प्रोग्रामच्या नावासाठी कर्नल 16 बाइट राखतो. त्यांतला एक शेवटच्या शून्याचा. उरलेल्या 15 बाइटांत पाच चिन्हे मावतात आणि ‘कोल्हापूर’चे ‘कोल्ह’ होते. शून्याची फिकीर न करता पूर्ण 16 बाइट भरले असते, तर सहाव्या चिन्हाचा एक तृतीयांश तुकडाही आत आला असता आणि पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटले असते. चालू प्रोग्रामांच्या यादीत दाखवण्यापुरते नाव कापले गेले तर चालून जाईल. तेच नाव एखाद्या फाइलचा पत्ता असेल किंवा कोणाला परवानगी द्यायची हे त्यावरून ठरत असेल, तर अर्धे नाव म्हणजे चुकीचे नाव, आणि तिथे काम थांबवणे हेच योग्य. हा निर्णय कोणतेही फंक्शन माणसाच्या वतीने घेऊ शकत नाही. ‘स्ट्रएसकॉपी’ फक्त कळवते. ऐकायचे की नाही हे लिहिणाऱ्याच्या हाती.

यावर पहिला आक्षेप जाणत्या प्रोग्रामरांचा असतो: आधी जागा मोजून मगच ‘स्ट्रकॉपी’ वापरले तर बिघडते काय? तत्त्वतः काहीच नाही. पण 2015च्या जानेवारीत उघड झालेला ‘घोस्ट’ हा दोष पाहावा. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या, ‘जीलिबसी’तल्या एका जुन्या फंक्शनमध्ये तो होता. लिहिणाऱ्याने जागा मोजली होती, अपुरी असेल तर थांबण्याची तजवीजही केली होती, आणि मगच ‘स्ट्रकॉपी’ने नाव उतरवले होते. फक्त त्या बेरजेत चार गोष्टी धरायच्या होत्या, त्यांतल्या तीनच धरल्या गेल्या. एका पॉइंटरची, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या खणाची, जागा राहिली: काही संगणकांवर चार बाइट, काहींवर आठ. हा कोड 2000 सालापासून वापरात होता. 2013 मध्ये चूक दुरुस्तही झाली, पण ती सुरक्षेशी संबंधित आहे हे कोणाच्या ध्यानात न आल्याने जुन्या आवृत्त्यांवर चालणारे असंख्य सर्व्हर तसेच राहिले. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी त्या चार-आठ बाइटांच्या बळावर एक ईमेल सर्व्हर बाहेरून ताब्यात घेऊन दाखवला. ही लायब्ररी लिहिणारे लोक नवशिके नव्हते. मोजणी एका ओळीत आणि नक्कल दुसऱ्या ओळीत, अशी फारकत असली की दोन्हींचा मेळ कधीतरी तुटतोच. जागेचा आकडा नक्कल करणाऱ्या फंक्शनच्याच हाती दिला तर बेरीज चुकली तरी लिहिणे हद्दीत थांबते. आता तर कर्नलमध्ये जागा ठरावीक आकाराची असेल, तर ‘स्ट्रएसकॉपी’ला आकडा सांगावाही लागत नाही, कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर तो स्वतः काढतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा आहे. 2015 मध्ये ‘स्ट्रएसकॉपी’ स्वीकारतानाच त्यांनी बजावले होते की नवे फंक्शन आले की लोक सरसकट बदलांचे ढीग पाठवू लागतात, त्यांत कोणीतरी ढिसाळ चूक करतो आणि चालणारा कोड बिघडतो. शून्यांनी न भरलेली जागा आणि शून्याविना असलेला खण ही वरची दोन्ही उदाहरणे त्यांचीच बाजू घेतात. तरीही त्यातून ‘म्हणून हात लावू नका’ असा निष्कर्ष निघत नाही, ‘म्हणून डोळे झाकून लावू नका’ एवढाच निघतो. जुना वापर जागच्या जागी राहिला तर त्यातला धोका तर राहतोच, शिवाय नवा प्रोग्रामर शेजारची ओळ पाहून तशीच ओळ लिहितो. कोड असाच शिकला जातो. केस कुक आणि कर्नलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यांची पद्धत म्हणूनच मोलाची वाटते. सगळीकडे एकदम बदल न करता एका वेळी एक ठिकाण घ्यायचे, तिथला मजकूर कोणत्या जातीचा आहे आणि उरलेली जागा शून्यांनी भरणे गरजेचे आहे का ते तपासायचे, आणि निवडलेल्या फंक्शनचे कारण बदलासोबत लिहून ठेवायचे. यात वर्षे जातात. पण पूर्वी कोणाच्या तरी डोक्यात असलेले गृहीतक त्यानंतर सगळ्यांना वाचता येते.

तिसरा आक्षेप असा की हा सगळा खटाटोप सोडून मेमरीचा गैरवापर मुळातच रोखणाऱ्या रस्टसारख्या भाषेकडेच का वळू नये? मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये सांगितले होते की त्यांच्या उत्पादनांतल्या दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे 70 टक्के दोष मेमरीच्या गैरवापराचे असतात. त्यामुळे नव्या कामासाठी अशी भाषा निवडणे शहाणपणाचेच आहे, आणि लिनक्स कर्नलमध्येही 2022च्या 6.1 आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली आहे. मात्र कर्नलच्या कोट्यवधी ओळी सीमध्येच आहेत. आपल्या हातातले अँड्रॉइड फोन त्याच ओळींवर चालतात, आणि त्या फोनांवरून आज भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांचे पैसे फिरतात. या ओळी उद्या नाहीशा होणार नाहीत. शिवाय 16 बाइटांत ‘कोल्हापूर’ मावत नाही, ही अडचण कोणतीही भाषा मिटवू शकत नाही. चांगली भाषा तिच्याकडे काणाडोळा करू देत नाही, एवढेच.

बदल पुरा झाला की परतीचे दोर कापायलाच हवेत. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’ या प्रकल्पाने 2018 मध्ये बंदी घातलेल्या फंक्शनांची यादीच कोडमध्ये ठेवली. ‘स्ट्रकॉपी’ लिहिले की कंपायलर पुढे जाऊ देत नाही, आणि पुढे त्या यादीत ‘स्ट्रएनकॉपी’ही आले. सूचना विसरल्या जातात, पण न चालणारा कोड कोणी पुढे रेटू शकत नाही. हाच विचार शिक्षणाला लागू पडतो. आपल्याकडे डिप्लोमा आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत स्ट्रिंगचा धडा बहुतेक वेळा ‘स्ट्रकॉपी’नेच सुरू होतो, आणि उत्तरपत्रिकेत ‘जागा पुरली नाही तर काय?’ याला गुण नसतात. त्या फंक्शनचा इतिहास जरूर शिकवावा. पण नक्कल करण्याआधी जागा किती, शून्य कुठे आणि मजकूर कापला गेला तर पुढे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे न लिहिणारा प्रोग्राम अपुरा समजावा. हे वळण पहिल्या वर्षी लागले, तर पुढच्या पिढीला दशकभर जुन्या ओळी शोधत आणि बदलत बसावे लागणार नाही.