यंत्रं सुरू, पत्ता गहाळ

२० ऑक्टोबर २०२५. महाराष्ट्रात नरकचतुर्दशीची दुपार होती, बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तेव्हा पहाटेचे पावणेतीन होऊन गेले होते. त्या सुमारास तिथल्या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधली, म्हणजे कंपन्यांना भाड्यानं मिळणाऱ्या संगणकांच्या जाळ्यातली, एक नोंद रिकामी झाली. एकच. पुढच्या काही तासांत स्नॅपचॅट आणि फोर्टनाइट ठप्प झाले, सिग्नल अ‍ॅपवरचे निरोप अडकले, ड्युओलिंगोवरचे धडे थांबले, ब्रिटनमधल्या लॉइड्स बँकेच्या ग्राहकांना आपलं खातं उघडता येईना. इंटरनेटला जोडलेल्या ‘एट स्लीप’च्या महागड्या गाद्या आहे त्या तापमानाला अडकून बसल्या. सगळं पूर्वपदावर यायला जवळपास पंधरा तास लागले.

या पंधरा तासांत कुठे आग लागली नव्हती, समुद्राखालची केबल तुटली नव्हती, कुणी सायबर हल्लाही केला नव्हता. साठवलेली माहिती जागच्या जागी होती आणि ती सांभाळणारी यंत्रं धडधाकट होती. ती कुठे आहेत, एवढंच कुणाला सापडत नव्हतं.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. माणसं आणि अ‍ॅप मात्र नावानं हाक मारतात. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ती रचली आणि आजही आपल्या जवळपास प्रत्येक क्लिकच्या आधी कुठेतरी तिचं काम होऊन गेलेलं असतं. २० ऑक्टोबरला जे नाव निराधार झालं, ते ‘डायनॅमोडीबी’ या माहितीच्या प्रचंड कोठाराचं होतं. अ‍ॅमेझॉनच्या २०२४ च्या ‘प्राइम डे’च्या विक्रीत या कोठारानं गर्दीच्या क्षणी सेकंदाला १४ कोटी ६० लाख विनंत्या हाताळल्या होत्या. एवढा भार एका दारातून आत घेणं शक्यच नाही. म्हणून एका नावामागे असंख्य यंत्रं उभी असतात. त्यातली काही सतत नवी येतात, काही बाद होतात, आणि त्याप्रमाणे पत्त्यांच्या लाखो नोंदी बदलत राहतात. माणसाच्या हातानं हे होणं नाही. ते काम सॉफ्टवेअर करतं, आणि घोटाळा तिथेच झाला.

अ‍ॅमेझॉननं नंतर या घटनेचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. तो वाचताना अंगावर काटा येतो. एक सॉफ्टवेअर कोणत्या नावापुढे कोणते पत्ते असावेत याचा आराखडा बनवतं. त्याला आपण नियोजक म्हणू. तो आराखडा प्रत्यक्ष लागू करणारे तीन अंमलदार असतात. तिघं वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांवर न विसंबता काम करतात. एक बंद पडला तरी काम अडू नये, म्हणूनच ही काळजी घेतलेली.

त्या दिवशी एक अंमलदार रखडला. हातातला आराखडा घेऊन तो संथपणे एकेक नोंद बदलत होता. तेवढ्या वेळात नियोजकानं बरेच नवे आराखडे काढले. दुसऱ्या अंमलदारानं त्यातला ताजा आराखडा झटपट लागू केला आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे फार जुने झालेले आराखडे पुसायला घेतले. नेमका त्याच वेळी रखडलेला अंमलदार मुख्य नोंदीपाशी पोचला आणि ताज्या पत्त्यांवर त्यानं आपले जुने पत्ते चढवले. आपला आराखडा ताजा आहे ना, ही खात्री त्यानं काम सुरू करतानाच करून घेतली होती. पण रखडल्यामुळे ती खात्रीच शिळी झाली होती. मग दुसऱ्याची साफसफाई तिथवर आली. तिला हा आराखडा कालबाह्य दिसला, तिनं तो पुसला, आणि त्या नावापुढचे सगळे पत्ते एका फटक्यात नाहीसे झाले. यंत्रणा अशा कात्रीत सापडली की पुढचा नवा आराखडाही तिला लावता येईना. शेवटी माणसांनाच हात घालावा लागला.

यात चुकलं कोण? दोन्ही अंमलदार नेमून दिलेलं कामच करत होते. एक उशीर, एक घाई आणि त्यांची अचूक गाठ! ही फट सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून दबा धरून होती. वेळ जुळून आली त्या दिवशी उघडी पडली. हजारो यंत्रं एकमेकांशी बोलत काम करतात, तेव्हा एखादं यंत्र बिघडणं ही रोजची गोष्ट असते आणि तिची सोय केलेली असते. खरं संकट येतं ते यंत्रांचा आपापसातला मेळ तुटला की.

पुढचा भाग तर आणखी थक्क करणारा आहे. हरवलेले पत्ते तीन तासांच्या आत परत आले होते. मग उरलेले बारा तास कशात गेले? मुंबईत लोकल दोन तास बंद राहून पुन्हा सुरू झाली की काय होतं, ते आठवून बघा. रूळ ठीक असतात, गाड्या ठीक असतात. पण फलाटावर साचलेली गर्दी पहिल्या गाडीचे दरवाजेच लागू देत नाही. व्हर्जिनियात हेच झालं. तिथे भाड्यानं दिल्या जाणाऱ्या सर्व्हरांवर देखरेख करणारी यंत्रणा प्रत्येक सर्व्हरशी एक छोटा करार सतत ताजा ठेवत असते, आणि त्यासाठी तिला डायनॅमोडीबी लागतं. ते गायब असताना असे असंख्य करार मुदत संपून रद्द झाले. कोठार परत सापडल्याबरोबर सगळे एकदम नव्यानं करायची वेळ आली. काम इतकं साचलं की एक करार पूर्ण होईपर्यंत त्याची मुदतच उलटून जाई आणि तो पुन्हा रांगेच्या शेवटी जाई. यंत्रणा जिवाच्या आकांतानं धावत होती आणि पुढे सरकत नव्हती. अखेर इंजिनिअरांनी नवं काम आत येण्याचा वेग मुद्दाम कमी केला, काही यंत्रं निवडून नव्यानं सुरू केली, तेव्हा गाठ सुटू लागली.

आपल्याकडे १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडखळलं, त्यामागेही गर्दीच होती. बँकांच्या यंत्रणा ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही विचारत राहिल्या आणि या विचारणांच्या ओझ्याखाली खरे व्यवहार दबले. त्यानंतर राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं अशा विचारणांवर मर्यादा घातल्या. अडकलेल्या व्यवहाराची चौकशी आता तीनदाच करता येते आणि दोन चौकशांमध्ये किमान दीड मिनिट जावं लागतं. कंटाळून पुन्हा पुन्हा बटण दाबणाऱ्या आपल्या बोटाचाही त्या गर्दीत वाटा असतो.

या रोगावरचा उतारा मात्र फार सुंदर आहे आणि तो पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर सापडला. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींवरून संगणक जोडले. लहरींचा मार्ग सामाईक होता. दोन संगणक एकाच वेळी बोलले की दोघांचे संदेश एकमेकांवर आदळून वाया जात, आणि दोघांनी लगेच पुन्हा बोलायचं ठरवलं की पुन्हा टक्कर ठरलेली. त्यावर त्यांनी तोडगा काढला, तो असा: टक्कर झाली की प्रत्येकानं थांबायचं, पण किती वेळ थांबायचं हे ज्यानं त्यानं नशिबावर सोडायचं. यातून टकरी विरळ होतात आणि वाट मोकळी होते. आजची चांगली सॉफ्टवेअरं हेच करतात. प्रत्येक अपयशानंतर जास्त काळ थांबतात आणि त्यात थोडी अनिश्चितता मुद्दाम मिसळतात. अब्जावधींच्या यंत्रणा कोलमडू नयेत म्हणून त्यांना धीर धरायला आणि वेगवेगळ्या वेळी यायला शिकवावं लागतं!

तरीही व्हर्जिनियात काही बिघडलं की जग का अडावं, हा राग रास्त आहे. अ‍ॅमेझॉननं क्लाउड व्यवसाय २००६ मध्ये सुरू केला, तो याच भागात. त्यामुळे सर्वांत जुनी वस्ती तिथे आहे आणि जगभरच्या काही सामाईक सोयींची सूत्रंही तिथूनच हलतात. मुंबईत अ‍ॅमेझॉनचं केंद्र २०१६ पासून आहे. माहिती मुंबईत ठेवली, तरी एखाद्या सेवेचा एखादा धागा व्हर्जिनियाला बांधलेला असू शकतो, आणि तो तुटेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

धाग्यांचं हे गणित करून पाहण्यासारखं आहे. ‘९९.९ टक्के वेळ सुरू’ असं वचन देणारी सेवा वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिली तरी वचन पाळलेलं असतं. आता एखादं अ‍ॅप अशा दहा सेवांवर उभं आहे आणि त्या वेगवेगळ्या वेळी बंद पडतात असं समजा. दहाही सेवा आपापलं वचन पाळत असताना ते अ‍ॅप वर्षाला सुमारे ८७ तास बंद राहू शकतं. प्रत्येक दुवा खरा बोलतो आणि साखळी तरीही अडते. दुसरीकडे, अ‍ॅमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या साठवणीची रचना अशी आहे, की तिथे १ कोटी फाइली ठेवल्या तर सरासरी १०,००० वर्षांत एखादी हरवावी. वस्तू टिकवण्याची कला आपण जवळजवळ पूर्णत्वाला नेली आहे. हवी तेव्हा ती हाती येईल याची हमी अजून खूप मागे आहे.

सर्वांत मोठा धडा आधीच मिळाला होता: बिघाड सांगणारी आणि शोधणारी साधनं बिघडणाऱ्या यंत्रणेवरच विसंबून नसावीत. २८ फेब्रुवारी २०१७ ला याच ‘एस-थ्री’च्या एका कर्मचाऱ्यानं काही मोजके सर्व्हर काढायची आज्ञा टाइप करताना चूक केली, ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर निघाले आणि चार तासांहून अधिक काळ अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट अडल्या. ‘सेवा बंद आहे’ हे सांगणारा फलकही ‘एस-थ्री’वरच अवलंबून होता; त्यामुळे बराच वेळ त्यावर सगळं आलबेल दिसत राहिलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला एका चुकीच्या आज्ञेमुळे फेसबुकची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामसह सगळं सहा तास बंद पडलं. बिघाड शोधायची आतली साधनंही त्याच जाळ्यावर चालत असल्यानं इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरात पाठवावं लागलं, आणि तिथल्या कडेकोट सुरक्षेतून आत शिरून यंत्रांपर्यंत पोचायलाही वेळ गेला.

म्हणून आपण चिडावं, पण नेमकं चिडावं. कधीच बंद न पडणारी यंत्रणा कुणीही देऊ शकत नाही; तसं वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बँक, रुग्णालय, शाळा, सरकारी खातं, यांच्याकडे मात्र दोन प्रश्नांचं उत्तर मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. तुमची यंत्रणा बंद पडेल तेव्हा माझं काम दुसऱ्या कोणत्या वाटेनं होईल? आणि ती का बंद पडली, हे तुम्ही मला लेखी सांगाल का? ज्यांच्याकडे ही उत्तरं नाहीत, त्यांच्या एकट्याच्या भरवशावर आपले पैसे, उपचार किंवा मुलांची परीक्षा सोडू नये.