लस झेडपीची, बाळ सिव्हिलचं

शिंदखेडा तालुक्यात सरकारी दवाखाने दोन मालकांचे आहेत. शहरातलं ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांचं, म्हणजे लोकांच्या बोलण्यात ‘सिव्हिल’चं. नरडाणा-बेटावदकडची प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि त्यांची उपकेंद्रं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची, म्हणजे झेडपीची. दोन्ही साहेब धुळ्याला बसतात. दोघांच्या वर नाशिकचे आरोग्य उपसंचालक, आणि त्यांच्या परिमंडळात नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर हे पाच जिल्हे. राज्यात महसुली विभाग सहा, पण आरोग्याची परिमंडळं आठ. या रचनेची फेरमांडणी हा विषय दर काही वर्षांनी वर येतो. संपादकांनी त्यावर लिहायला सांगितलं. मी शासन निर्णय चाळायला बसलो आणि अडकलो एका फ्रीजपाशी.

आधी इतिहास उरकून घेतो. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातलं आरोग्य त्यांच्याकडे गेलं. मोठे दवाखाने राज्याकडेच राहिले. 1970 मध्ये वैद्यकीय शिक्षणाचं वेगळं संचालनालय झालं, त्यामुळे आज धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याच खात्यात मोडतं. 1 जुलै 1998 ला दहापैकी सहा तालुके घेऊन नंदुरबार वेगळा झाला. धुळ्याकडे धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा एवढे चार उरले. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि क्षय, कुष्ठ, अंधत्व अशा प्रत्येक रोगाच्या स्वतंत्र जिल्हा सोसायट्या एका छत्राखाली आणल्या गेल्या.

या यादीत काहीतरी बंद पडल्याची नोंद शोधून पाहा. जवळजवळ नाहीच. इंग्लंडमध्ये उलटं चालतं. तिथे 1974 मध्ये चौदा प्रादेशिक आरोग्य प्राधिकरणं उभारली, पुढे ती मोडली, त्यांच्या जागी आलेलीही 2013 मध्ये मोडली, 2022 मध्ये बेचाळीस मंडळं नव्याने बसवली, आणि 2025 मध्ये तर मधली शिखर संस्थाच गुंडाळायची घोषणा झाली. ते मोडून बांधतात. आपण काहीच मोडत नाही, वर आणखी एक मजला चढवतो. आपली पद्धत कमी क्लेशाची वाटते खरी. पण सगळ्या मजल्यांचं ओझं शेवटी तळाशी येतं, आणि तळाशी उपकेंद्र आहे.

आता फ्रीज. आरोग्य केंद्रात त्याला आयएलआर म्हणतात. दिसायला आइसक्रीमच्या पेटीसारखा, झाकण वर. दार समोर असतं तर उघडताक्षणी गार हवा खाली सांडली असती. वरच्या झाकणातून ती सांडत नाही. आतल्या भिंतीत बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी आतलं तापमान दोन ते आठ अंशांत टिकतं. मे महिन्यात खानदेशाचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि हा पठ्ठ्या आपला आठच्या आत.

तो सांभाळणारा बहुधा औषधनिर्माता असतो. गोळ्या वाटणं, साठ्याची नोंदवही, ऑनलाइन भरणा हे सगळं करून दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, तापमान वाचून तक्त्यावर लिहायचं. रविवारीही, दिवाळीलाही. त्याला उष्णतेपेक्षा थंडीची भीती जास्त. पोलिओची लस उन्हाने बिघडली तर कुपीवरचा चौकोन काळवंडून तसं सांगतो. पण पेंटाव्हॅलेंट किंवा हिपॅटायटिस बीची लस एकदा गोठली की वितळल्यावर वरवर चांगलीच दिसते, गुण मात्र गेलेला असतो. म्हणून त्या कुप्या तळाला ठेवायच्या नाहीत, टोपलीत वर ठेवायच्या. शंका आली तर कुपी हलवून बाजूला ठेवायची आणि गाळ किती लवकर बसतो ते पाहायचं. एवढं बारीक काम करणाऱ्या माणसाची दखल एकाही फेररचनेच्या टिपणीत मला सापडली नाही.

लस येते पुण्याहून नाशिकला, नाशिकहून धुळ्याच्या जिल्हा भांडारात, तिथून आरोग्य केंद्रात. तिथून चार आइसपॅकच्या डब्यात बसून सत्राच्या गावी, आणि न उघडलेल्या कुप्या संध्याकाळी परत. या वाटेवर सिव्हिल आणि झेडपी अशी भिंत नाही. बाळ ग्रामीण रुग्णालयात जन्मलं तर ते सिव्हिलच्या आकड्यात जातं. पण त्याला पहिल्या दिवशी मिळणारी बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिसची लस झेडपीच्या भांडारातून आलेली असते, आणि दीड महिन्यानंतरचा डोस देणारी आरोग्यसेविका झेडपीचीच. फ्रीज बंद पडला तर लस कुठे हलवायची याचा आराखडा लिहून ठेवलेला असतो. त्यात जवळचा फ्रीज कोणता एवढंच पाहतात, तो कोणत्या खात्याचा हे पाहत नाहीत. मला ही खरी एकात्मिक आरोग्यसेवा वाटते. ती कुठल्या शासन निर्णयातून आलेली नाही, लस नासते म्हणून आली आहे.

माणसं मात्र नासत नाहीत, असं गृहीत धरलेलं दिसतं. एका उपकेंद्रात आरोग्यसेविका झेडपीची, पगारी. समुदाय आरोग्य अधिकारी अभियानातला, कंत्राटी. आशाताई मानधन आणि कामागणिक मोबदल्यावर. एकाच खोलीत तीन प्रकारच्या नोकऱ्या, आणि तिघांच्या रजेचे, बदलीचे, पैशांचे नियम वेगळे. 2023 च्या शेवटी कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले. दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय मार्च 2024 मध्ये निघाला. कंत्राटी माणूस संपावर गेला की त्याचं काम सेविकेवर येतं, आणि ती आजारी पडली तर आशाताईवर.

दुसरी अडचण गावाचं शहर होण्याची. शिंदखेड्यात आता नगरपंचायत आहे, म्हणजे ते झेडपीच्या हद्दीबाहेर गेलं. घरं तीच, गरोदर बायका त्याच. पण शहरी आरोग्याचं खातं आणि निधी वेगळा, आणि नगरपंचायतीकडे आरोग्य म्हणजे मुख्यतः गटार आणि घंटागाडी. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरच्या पाण्याच्या टाक्या तपासायला कोणी जायचं, हा प्रश्न अशा प्रत्येक नव्या शहरात दोन कार्यालयांमध्ये फिरत राहतो.

नाशिकचं परिमंडळ लहान करून खानदेशाला वेगळा उपसंचालक द्यावा, असं म्हणता येईल. साहेब जवळ येतील, धुळ्याच्या फायली शंभर-दीडशे किलोमीटर कमी धावतील. मला त्यात फारसा राम दिसत नाही. अडचण वरच्या साहेबाच्या अंतराची कमी आहे. खालच्या दोन साहेबांमध्ये सांधा नाही, ही खरी अडचण. तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक एकाच तालुक्यात काम करतात, पण एकाचा अधिकार दुसऱ्याच्या माणसांवर चालत नाही. रात्री दोनला बाळंतीण केंद्रातून रुग्णालयात पाठवायची तर चिठ्ठी चालते, १०८ ची गाडी चालते. तिकडे डॉक्टर हजर आहे का, हे मात्र सेविकेला ओळखीनेच विचारावं लागतं.

आणि सगळ्या हद्दी धुळ्यापाशी तरी कुठे संपतात? भुसावळ-सुरत रेल्वेवर बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा ही स्टेशनं एका रांगेत आहेत. या गावांतली कितीतरी कुटुंबं सुरतेला उधना, लिंबायतकडे पोटासाठी राहतात. पहिलं बाळंतपण माहेरी, पुढचे डोस सुरतेत, किंवा नेमकं उलटं. बाई गुजरातचं ममता कार्ड घेऊन होळीला गावी येते, तेव्हा सेविका अक्षरं लावत तारखा वाचते आणि राहिलेला डोस देते. मग ते बाळ ‘बाहेरगावचं’ म्हणून वहीत वेगळं लिहिते, कारण तिचं उद्दिष्ट तिच्या गावच्या अपेक्षित जन्मांवरून ठरलेलं असतं आणि त्यात हे बाळ कधी धरलेलंच नव्हतं.