टायरमधली हवा आणि डोंगरावरचा ढग

मुंबई ते मस्कत हा विमानप्रवास जेमतेम तीन तासांचा. पारोळ्याहून धुळं, नाशिक करत मुंबईचं विमानतळ गाठायला याच्या दुप्पट वेळ जातो, आणि कसारा घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर विचारूच नका. तरीही आमच्याकडे आखात म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, नोकरी आणि दुबईचे मॉल. ओमान कुणाच्या फारसा गावीही नसतो. या देशाचं क्षेत्रफळ सुमारे तीन लाख नऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास महाराष्ट्राएवढं. लोकसंख्या मात्र पन्नास लाखांच्या आसपास. एवढ्या जागेत वाळवंट आहे, तीन हजार मीटर उंचीचा डोंगर आहे, अरबी समुद्राचा लांबलचक किनारा आहे. आणि दक्षिणेच्या एका कोपऱ्यात चक्क आपला पावसाळाही आहे.

अरबस्तानाशी खान्देशाची ओळख तशी जुनी. पेशवाईच्या अखेरीस इथल्या किल्ल्यांवर अरब शिबंदी होती. १८१८ साली मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध महिनाभर लढवला तो त्यांनीच. तेव्हा ते आपल्याकडे पोटासाठी आले होते. आता आपण त्यांच्याकडे पैसे देऊन घाबरायला जातो. साहसी पर्यटन म्हणजे दुसरं काय?

सुरुवात वाळूपासून करू. मस्कतपासून दोनसव्वादोनशे किलोमीटरवर बिदिया नावाचं गाव आहे. डांबरी रस्ता तिथे संपतो आणि शर्किया वाळवंट सुरू होतं. जुन्या नकाशांत आणि लोकांच्या तोंडी त्याचं नाव वहिबा. उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर, पूर्व-पश्चिम ८०. वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब पसरलेल्या टेकड्या, काही शंभर मीटरपर्यंत उंच. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९८० च्या दशकात इथे मोठी शास्त्रीय मोहीम काढली. ओसाड समजलेल्या या तुकड्यात वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या किती जाती नांदतात, हे तेव्हा नीट नोंदलं गेलं.

पर्यटक येतो तो मात्र गाडी उडवायला. बिदियाला चालक पहिलं काम करतो ते टायरमधली हवा काढण्याचं. रस्त्यावर पस्तीसच्या आसपास असलेला दाब तो पंधरा-अठरावर आणतो. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, गाडीचं वजन वाळूवर वाटलं जातं आणि चाक रुतत नाही. परतताना त्याच गावात पुन्हा हवा भरून घ्यायची. पुढचे नियमही ठरलेले. टेकडी चढायची ती नाकासमोर, वेग मध्येच तोडायचा नाही. उतारावर गाडी आडवी झाली की उलटलीच म्हणून समजा. उतरतानाही सरळच, खालच्या गिअरमध्ये, आणि ब्रेकवर पाय न ठेवता. टेकडीची वाऱ्याकडची बाजू संथ चढणीची असते, पलीकडची मात्र तीस-चौतीस अंशांत कोसळणारी. कोरडी वाळू यापेक्षा तीव्र उतारावर ठरतच नाही, घसरते. फळीवर उभं राहून घसरगुंडी खेळतात ती याच बाजूला. माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडे काय आहे ते चालकाला दिसत नाही. म्हणून शहाणा चालक माथ्याजवळ वेग कमी करतो, आणि उनाड चालक प्रवाशांना किंचाळायला लावतो. माझं मत विचाराल तर किंचाळी ऐकून खूश होणाऱ्या चालकाच्या गाडीत बसू नये. सकाळी वाळू थंड आणि घट्ट असते, दुपारी तापून सैल होते. हे शिकवायला कुठलंही पुस्तक नाही. वाळवंटातला बेदू पोरगा हे बापाच्या शेजारी बसून शिकतो, आधी उंटावर, आता टोयोटात.

या वाळवंटापेक्षाही मोठं ते रब अल् खाली, रिकामा मुलूख. साडेसहा लाख चौरस किलोमीटरचं हे वाळवंट चार देशांत पसरलंय. बर्ट्राम टॉमस या इंग्रजाने १९३०-३१ मध्ये सलालाहहून निघून उंटावरून ते पार केलं आणि कतारचा किनारा गाठला. असं करणारा तो पहिला युरोपीय. मग विल्फ्रेड थेसिगरने १९४६ ते १९४८ च्या दरम्यान ते दोनदा ओलांडलं. दोघांची नावं जगाला माहीत झाली. वाट दाखवणारे, उंट निवडणारे, कुठल्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे हे जाणणारे मात्र बैत कथीर आणि राशिद टोळ्यांचे लोक होते. थेसिगरने आपल्या पुस्तकात हे मोकळेपणाने लिहिलंय, हा त्याचा मोठेपणा. आजही तिथल्या सहलीचे पैसे आपण देतो ते याच माहितीचे. तंबू, कहवा आणि शेकोटी वरकड.

खान्देशी माणसाला वाटतं, आपण पंचेचाळीस अंशांत लग्नाच्या वराती काढणारी माणसं, आपल्याला वाळवंटाचं काय? उन्हापुरतं ते खरं आहे. पण ओमानात पाहुण्याचा घात करतं ते बहुतेकदा ऊन नसतं. पाणी असतं.

वादी म्हणजे डोंगरातून उतरणारी नदीची कोरडी वाट. वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात गोटे आणि झुडपं. कुठे कुठे मात्र झऱ्याचं पाणी बारमाही साठतं आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांमध्ये हिरवे डोह तयार होतात. वादी शाब त्यातली सर्वांत प्रसिद्ध. मस्कत-सूर महामार्गावर तिवी गावाजवळ उतरायचं, छोट्या होडीने पाणी ओलांडायचं, खजुरांच्या बागांतून पाऊणएक तास चालायचं. पुढे चालणं संपतं, पोहणं सुरू होतं. एकामागून एक डोह पार करत गेलं की कड्यात एक फट येते, जेमतेम डोकं मावेल एवढी. तिच्यातून आत सरकलं की गुहा आणि आत कोसळणारा धबधबा. पोहता न येणाऱ्याने डोहांच्या अलीकडे थांबावं, त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेली पिढी आता पन्नाशीपुढची झाली, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

आता याच वाटेवर दूर डोंगरात पाऊस पडला तर? तुमच्या डोक्यावर आभाळ निळंशार असतं आणि तरी वळणामागून गढूळ लोंढा येतो. खडक पाणी जिरवत नाही, झाडी अडवत नाही, पडलेला थेंब न् थेंब थेट वादीत येतो. आमच्याकडच्या नाल्यांचाही हाच स्वभाव. वरच्या गावात पाऊस, खालच्या गावात पूर, आणि मधल्या फरशीवर कुणीतरी मोटारसायकल घालणारच. ओमानात रस्ता जिथे वादी ओलांडतो तिथे पाण्याची खोली दाखवणारे रंगीत खांब रोवलेत, आणि वाहत्या वादीत गाडी घालणं कायद्याने गुन्हा आहे. तरीही एप्रिल २०२४ च्या पुरात उत्तर शर्कियातल्या समद अल् शान इथे शाळकरी मुलांची गाडी वाहून गेली. स्थानिकांचीही चूक होते, तिथे परदेशी पाहुण्याचं काय.

याच पाण्याची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. ओमानात फलज नावाच्या सुमारे तीन हजार जुन्या पाटांच्या व्यवस्था अजून चालू आहेत. त्यातल्या पाचांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. निझवाजवळचा फलज दारिस त्यातलाच एक. पाणी वाटलं जातं ते वेळेच्या हिशेबाने. पूर्वी दिवसा सावली आणि रात्री तारे पाहून पाळी ठरे. हे ऐकताना आपल्या पांझरा, मोसम, आराम नद्यांवरचे फड आठवल्याशिवाय राहत नाहीत. तोच बंधारा, तोच पाट, पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, आणि कुणाच्या शेताला आधी हे ठरवणारं गाव. ओमानी माणूस पर्यटकाला फलज कौतुकाने दाखवतो. धुळे जिल्ह्यातले फड पाहायला आपल्यापैकी कितीजण गेलेत?

डोंगरांबद्दल थोडक्यात. जबल शम्स हा ओमानचा सर्वोच्च डोंगर, आपल्या साल्हेरच्या जवळजवळ दुप्पट. त्याच्या पोटातली घळ सुमारे हजार मीटर खोल आहे. तिच्या कडेकडेने सोडून दिलेल्या जुन्या गावापर्यंत एक पायवाट जाते. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वाट सोपी आहे, पण डोळे फिरणाऱ्यांनी जाऊ नये.

किनारा निवांत आहे, आणि मला तोच जास्त आवडतो. रास अल् जिंझ इथे हिरवी समुद्री कासवं वर्षभर अंडी घालायला येतात. १९९६ पासून हा भाग राखीव आहे. रात्री वाटाड्याबरोबर लहान गटात किनाऱ्यावर जायचं. विजेरी नको, कॅमेऱ्याचा झोत नको. मादी मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि जड अंग ओढत परत जाते. एवढं पाहायला मैलोगणती यावं का, असा प्रश्न पडला तर आधी रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाठा. तिथली ऑलिव्ह रिडले कासवं आकाराने लहान, पण गावानेच हाती घेतलेलं संवर्धन पाहण्याजोगं आहे. पाण्याखाली उतरण्याचंही तसंच. मस्कतजवळच्या दिमानियात बेटांभोवती प्रवाळ आणि कासवं आहेत, पण पहिली बुडी तिथे मारण्यापेक्षा मालवणजवळच्या तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात मराठीतून शिकून जावं. कानावर पाण्याचा दाब येतो तेव्हा सूचना आपल्या भाषेत कळलेल्या बऱ्या.

उत्तरेला होर्मुझच्या सामुद्रधुनीवर मुसंदम. डोंगर थेट समुद्रात बुडालेत आणि पाणी आत घुसून वळणदार खाड्या झाल्यात. लाकडी ढाऊत बसून डॉल्फिन पाहत हिंडायचं. अशाच एका खाडीत टेलिग्राफ बेट आहे. १८६४ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांना जोडणारी तार आखाताच्या तळातून टाकली, तेव्हा इंग्रजांनी या बेटावर ठाणं उभारलं. काही वर्षांतच ते सोडून दिलं. उन्हाळ्यात त्या उघड्या खडकावर तारा वाजवत बसलेल्या कारकुनांची कल्पना करून पाहा.

आणि दक्षिणेला सलालाह. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत इथे खरीफ, म्हणजे पावसाळा असतो. आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे येतात, त्याच वाऱ्यांची कड इथल्या डोंगरांना लागते. धुकं, भुरभुर, हिरवे उतार. आखातभरातून लोक पावसात भिजायला येतात. पण तोच वारा समुद्र खवळवतो. जुलै २०२२ मध्ये मुघसैलच्या किनाऱ्यावर कठडा ओलांडून खडकांवर गेलेल्या पर्यटकांना लाटेने ओढून नेलं. त्यात महाराष्ट्रातल्या एका कुटुंबातली माणसंही होती. फोटोसाठी पुढे जाण्याची सवय घरी ठेवूनच तिथे जावं.

वाळवंट, वादी आणि डोंगर यांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे दिवाळीची सुटी नेमकी सोयीची. वाळवंटात एकट्या गाडीने जाऊ नये, किमान दोन गाड्या हव्यात, म्हणजे एक रुतली तर दुसरी ओढते. वादीत ओल्या दगडावर न घसरणारे बूट हवेत, चपला नकोत. नोव्हेंबरातही माणशी चार-पाच लिटर पाणी बरोबर असू द्या. पैसे वाचवायचे तर हॉटेलात वाचवा, वाटाड्यात नको. ठरवताना त्याला विचारा, तू सहल रद्द कधी करतोस? ‘कधीच नाही’ म्हणाला तर दुसरा शोधा. ‘डोंगरावर ढग दिसला की’ असं म्हणाला तर तिथेच आगाऊ रक्कम देऊन टाका, आणि ऐन दिवशी त्याने खरोखरच सहल रद्द केली तर हुज्जत न घालता मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारात खजूर घ्यायला निघा.